थंडी कोठी

त्या जनाना दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे आला तेव्हा मला चोविसावं वर्ष लागलं होतं. आमचं घर हैदराबादला, चिक्कडपल्लीत. वडील महसूल कचेरीत होते, त्यांचा उभा जन्म उर्दूतून फायली लिहिण्यात गेला. सतराव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी परतले, तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं नाही. आधी शिकवलं, मग नर्सांच्या वर्गात घातलं, आणि तिथून मी रोग्यांच्या जेवणाकडे वळले. दीडशे बायकांचं जेवण, बाळंतिणींची पेज, आई नसलेल्या बाळांचं दूध हे माझं काम. आणि या सगळ्याच्या मागे होती ती थंडी कोठी.

दवाखान्यात सगळे तिला याच नावाने ओळखत. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला दहा फूट लांब, आठ फूट रुंद खोली. भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे जाड थर, दार वीतभर जाडीचं. आत वरच्या बाजूला भिंतीला लागून लोखंडी नळ्यांचं वेटोळं फिरवलेलं होतं, आणि त्या नळ्यांतून अमोनिया फिरायचा. शेजारच्या खोलीत पंप, पट्टा आणि मोटार. कोठीत दूध, मटण, लोणी असायचं. सगळ्यात वरच्या फळीवर जाळीचं दार असलेलं एक कपाट होतं. त्यात धनुर्वाताच्या आणि घटसर्पाच्या सीरमच्या बाटल्या. त्यांना मी हात लावायचा तो फक्त डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली तर.

या कोठीचा खरा मालक म्हणजे मिस्त्री. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली. मूळचे नांदेडकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीच बोलायचे, पण त्यांची मराठी हैदराबादच्या हवेत मुरलेली होती. बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं काढून ते दवाखान्यात आले होते. अमोनियाला ते नवसागराचा गॅस म्हणत, आणि त्याच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणत.

दर सोमवारी कोठी धुवायची, हा त्यांचा नियम. सकाळी नळ्यांत पातळ, म्हणजे द्रवरूप गॅस सोडणारा कॉक बंद करून पंप थोडा वेळ चालवायचा, मग थांबवायचा. दार उघडं टाकायचं. नळ्यांवरचं हिव सुटायला लागलं की लाकडी खुरप्याने हलकेच सारायचं. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फळ्या, भिंती, जमीन पुसायची. पाणी जायच्या भोकात तार फिरवायची. दाराच्या कडेचं रबर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. मला हे सगळं करायला लावून ते दारात उभे राहायचे.

"बाई, या नळीला लोखंड लावायचं नाही. सुरी नाही, उलथणं नाही, काही नाही. बर्फ गेला नाही तर थांबायचं. बर्फ कधी ना कधी जातोच."

मी हौ म्हणायचे. लाकडी खुरपं दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं.

एकदा त्यांनी मला पंपाच्या खोलीत नेऊन चारही कॉक दाखवले. "मी नसलो आणि कुठे फुटलं तर काय कराल?" मी म्हटलं, पंप बंद करीन. ते हसले नाहीत. "नक्को. पंप बंद केला तर आतला सगळा गॅस भोकातून बाहेर येईल. आधी हा कॉक बंद. पातळ गॅस आत जायचा थांबतो. पंप चालूच ठेवा, तो नळ्यांतला गॅस ओढून टाकीत नेतो. हा काटा बघा. शून्याजवळ आला की मग पंप बंद, आणि हा दुसरा कॉक बंद. शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर भोकातून हवा आत ओढेल." त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा माणूस उगाच घोकून घेतोय.

देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं, पण आमचं संस्थान अजून वेगळंच होतं. बाहेरून माल येणं बंद झालं होतं. औषधं नाहीत, पेट्रोल नाही, पंपाचं तेल नाही. अमोनियाचं नवं सिलिंडर मिळेल ही आशा आम्ही उन्हाळ्यातच सोडली होती. संस्थान वेगळंच राहावं म्हणून गावोगाव खाकी कपडे घालून कवायती करणाऱ्या स्वयंसेवकांनी दहशत बसवली होती. त्यांनीच त्या जूनमध्ये नांदेडजवळच्या गावात माझ्या मामाचं घर लुटून पेटवलं. मामाचा उजवा हात कोपरात मोडला. मामा-मामी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे आले आणि मागच्या खोलीत राहू लागले. मामा दिवसभर खिडकीशी बसून असायचे. फार बोलत नसत.

मिस्त्रींचा धाकटा मुलगा त्याच स्वयंसेवकांत गेला होता. हे मला मिस्त्रींनीच सांगितलं होतं, मोटारीचा पट्टा घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता. "माझं ऐकत नाही," एवढंच म्हणाले. मामाचं मी त्यांना सांगितलं नाही, आणि घरी मिस्त्रींच्या मुलाचंही बोलले नाही.

सप्टेंबरच्या एका सोमवारी रस्त्यात दगडफेक झाली म्हणून मिस्त्री आले नाहीत. पुढच्या सोमवारी हिंदुस्थानची फौज संस्थानच्या हद्दीत शिरल्याची बातमी आली, आणि शहर आतून कडी लावून बसलं. दोन आठवडे कोठी धुतली गेली नाही. नळ्यांवर हिव चढत चढत मनगटाएवढं जाड झालं आणि सीरमच्या कपाटापर्यंत पोचलं. ते मी पाहत होते. एकटीने कॉक बंद करायचं धाडस होत नव्हतं, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. उद्या बघू, असं मी दोनदा म्हटलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला वरून चिठ्ठी आली. बाहेर कुठेतरी जन्मलेलं आठ दिवसांचं बाळ आणलं होतं, धनुर्वाताने त्याचा जबडा आवळला होता. सीरमची बाटली ताबडतोब हवी होती.

मी कोठीत गेले, स्टुलावर चढले आणि कपाटाचं जाळीचं दार ओढलं. ते हललं नाही. त्याची वरची कड आणि नळी मिळून बर्फाचा एकच गोळा झाला होता. मी खुरपं आणून मारलं. लाकूड नुसतं घसरत होतं. चिठ्ठी आणणाऱ्या आयाने जिन्यातून पुन्हा हाक दिली, "अम्मा, डॉक्टरम्मा पिलुस्तुन्नारु." डॉक्टरीणबाई बोलावतायत. माझ्या हाताची बोटं सुन्न झाली होती. आमची स्वयंपाकीण दारात उभी होती. तेलंगणातली, पन्नाशीची, आम्ही तिला अक्का म्हणायचो. मी म्हटलं, "अक्का, सुरी द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. तीही तो नियम दोन वर्षं ऐकत आली होती. पण तिने मटण कापायची सुरी आणून दिली.

चार-पाच घाव घातले, बर्फाचा तुकडा उडाला, दार सुटलं. मी बाटली काढून पदरात धरली. मग कडेचा राहिलेला बर्फ दार लागू देणार नाही म्हणून आणखी एक घाव घातला. तेवढा एक नसता घातला तर चाललं असतं. सुरीचं टोक खोल गेलं आणि आवाज आला, चहाच्या किटलीतून वाफ निसटावी तसा. माझ्या तोंडावर पांढरा धूर आला. डोळ्यांत मिरची भरल्यासारखं झालं, घसा बंद झाला. मी स्टुलावरून खाली कशी आले ते आठवत नाही. बाटली हातात होती. ती मी अक्काच्या हातात दिली आणि वर बोट दाखवलं. ती धावली.

स्वयंपाकघरात दोघी बायका पोळ्या करत होत्या. मी ओरडले, चुली विझवा, बाहेर जा. कोठीचं दार ढकलून लावलं, तरी खालच्या फटीतून धूर येतच होता. वर बाळंतिणींचा वॉर्ड होता. तीस बायका, तीस पोरं. तिकडे जाणारा जिना स्वयंपाकघरातूनच जायचा.

फडताळात सिरक्याची बरणी होती. फडकं सिरक्यात बुडवून मी नाकातोंडाला बांधलं, गोणपाट ओलं करून कोठीच्या दाराखाली टाकलं आणि पंपाच्या खोलीत शिरले. पंप चालू होता. माझा हात आधी मोटारीच्या बटणाकडे गेला. मग मिस्त्रींचा तो नक्को आठवला.

पहिला कॉक. तो दोन आठवडे कुणी फिरवला नव्हता. दोन्ही हातांनी जोर केला तरी हलेना. पदराचं टोक त्याच्यावर गुंडाळून मी सगळं अंग टाकलं, तेव्हा तो करकरत फिरला. आता काटा बघायचा होता. डोळे उघडे ठेवले तर दिसत नव्हतं, मिटले तर काट्याचं कळत नव्हतं. मी दहा मोजेपर्यंत मिटायचे, एकदा उघडून बघायचे. काटा वीसवर होता. मग अठरावर. मग बराच वेळ अठरावरच. मला वाटलं, चुकीचा कॉक फिरवला. पुन्हा हात लावावा असं वाटलं, पण लावला नाही. मनात ते तीनदा म्हणवून घेतलेलं म्हणत राहिले. काटा दहावर आला, सहावर आला. शून्याच्या एक रेघ वर असताना मी पंप बंद केला आणि दुसरा कॉक फिरवून बाहेर अंगणात जाऊन पडले. तोंडातून पाणी गळत होतं. कुणीतरी माझ्या डोळ्यांवर घागर ओतली.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी वरच्या सगळ्या खिडक्या उघडवल्या आणि बायकांना पलीकडच्या व्हरांड्यात हलवलं. कुणाला काही झालं नाही. मग त्या माझ्याजवळ आल्या, डोळ्यांत थेंब घातले आणि विचारलं, "काय झालं?"

"नळी फुटली," मी म्हटलं.

अक्का शेजारीच उभी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुनी झाली होती," आणि गेल्या.

पुढचे चार दिवस मी ते वाक्य अंगावर घेऊन फिरले. मटण त्याच दिवशी पुरावं लागलं. दूध दर तीन तासांनी उकळायचं, तरी संध्याकाळचं फाटायचं. सीरमच्या बाटल्या मी ओल्या वाळूत पुरलेल्या माठात ठेवल्या आणि माठ विहिरीशेजारच्या सावलीत. डॉक्टरीणबाई दिवसातून चारदा येऊन माठाला हात लावून बघायच्या. "किती दिवस टिकेल?" मी विचारलं. "कुणाला माहीत," त्या म्हणाल्या. "नवं मात्र मिळणार नाही." ज्या बाळासाठी बाटली काढली ते शुक्रवारी सकाळी गेलं.

त्याच संध्याकाळी रेडिओवर शरणागतीची बातमी आली. आमच्या गल्लीत कुणी पेढे वाटले, कुणी दारं आणखी घट्ट लावली. मामा त्या दिवशी पहिल्यांदा उठून अंगणात आले आणि डाव्या हाताने तुळशीला पाणी घातलं. शनिवारी फौज शहरात आली.

रविवारी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मिस्त्रींना आणायला हवं. त्या म्हणाल्या, या वेळी त्या मोहल्ल्यातून बाहेर कोण येईल? आणि आणायला जाणार कोण? त्यांचं घर नदीपलीकडे, नया पूल ओलांडून आतल्या गल्लीत होतं. ते फक्त मला माहीत होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. दवाखान्याच्या मोटारीत दोन गॅलन पेट्रोल शिल्लक होतं. आमचा ड्रायव्हर सिकंदराबादचा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, "बाई सोबत असतील तर येतो, एकटा जाणार नाही."

मोहल्ल्यात एक दुकान उघडं नव्हतं. मिस्त्रींच्या दारावर मी चार वेळा थाप मारली, नाव सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने फटीतून पाहिलं. मिस्त्री आतल्या खोलीत बसले होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मुलगा दहा दिवसांपासून घरी आला नव्हता. भाऊ, भावजय, त्यांची पोरं गावाकडे होती आणि तिकडून काहीच खबर नव्हती. त्यांची बायको मला म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडते, यांना नेऊ नका. बाहेर पकडतायत."

पकडणार नाहीत, असं वचन मला देता येत नव्हतं. मी म्हटलं, "नळी फुटली. मी कॉक बंद केले. काटा शून्याच्या एक रेघ वर होता तेव्हा पंप थांबवला."

मिस्त्रींनी मान वर केली. "किती आवाज झाला?"

"किटलीसारखा."

"मग भोक लहान आहे. गॅस टाकीत असेल." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "बाळांचं दूध?"

"फाटतंय."

ते उठले, हत्यारांची पेटी ओढली. तिच्यात त्यांनी शिशाचा पत्रा, पोलादी पट्टी आणि भोक बुजवायला मुरदाडशिंगाची पुडी टाकली. बायको दाराआड रडत होती. तिच्याशी ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मोटारीपाशी ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, स्ट्रेचरवर झोपा. वर चादर टाकतो. बीमार आहे म्हणून सांगू."

"मी बीमार नाही," मिस्त्री म्हणाले. "खोटं उघडं पडलं तर मग खरंही कुणी ऐकणार नाही." ते मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसले. मी समोर बसले.

पुलाच्या तोंडाशी फौजेच्या शिपायांनी मोटार थांबवली. एकाने मागचं दार उघडलं, मिस्त्रींची दाढी पाहिली, मग पेटी. "खोलो." पेटी उघडली. पाने, हातोडी, पट्टी. मग पिवळ्या वाती. शिपायाने एक वात उचलून हुंगली आणि त्याचा चेहरा बदलला.

"गंधक है."

दुसऱ्याने बंदूक सरळ केली. पुडीतली मुरदाडशिंगाची लालसर पिवळी पूड बघून हे बॉम्बचं सामान आहे अशी त्यांची खात्रीच पटली. आम्हा तिघांना खाली उतरवलं. मिस्त्रींना दोन्ही हात वर करून कठड्याशी उभं केलं. मी सांगत होते की हा दवाखान्याचा मिस्त्री आहे, गंधक गळती शोधायला लागतं. पण माझं बोलणं मलाच खोटं वाटत होतं. गळतीचा आणि गंधकाचा काय संबंध, हे त्या माणसाला कुठून कळावं? त्यांचा सुभेदार आला. पोक्त माणूस. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "आपकी आँखें क्यों लाल हैं?"

"गॅसमुळे."

"कैसी गैस?"

मिस्त्री कठड्याकडे तोंड करूनच बोलले, "साहब, इजाज़त हो तो दिखा दूँ. मोटार के डिब्बे में बेहोशीवाली शीशी होगी. बाई के हाथ में दो."

मला एकदम कळलं. बेशुद्ध झालेल्या बाईला हुंगवायची ती बाटली, तिच्यातही अमोनियाच असतो. सुभेदाराने मान हलवली. मी मोटारीतल्या औषधांच्या डब्यातून ती काढली. मिस्त्रींना वळू दिलं. त्यांनी एक वात पेटवली. निळसर, जवळजवळ न दिसणारी ज्योत. बंदूक त्यांच्या बरगडीपासून हातभर अंतरावर होती. मी बाटलीचं बूच काढून ती वातीजवळ नेली. लगेच तिथे दाट पांढरा धूर उठला. बाटली लांब नेली की धूर विरायचा. जवळ आणली की पुन्हा उठायचा.

"जहाँ गैस निकलती है, वहाँ ऐसा धुआँ होता है," मिस्त्री म्हणाले. "अँधेरे में भी सूराख मिल जाता है."

सुभेदाराने बाटली स्वतःच्या हातात घेऊन दोनदा करून पाहिलं. मग त्याने एका शिपायाला आमच्याबरोबर बसायला सांगितलं. दवाखाना खरा असेल तर सोडून ये, नसेल तर तिघांना परत आण.

कोठीत अजूनही डोळे चुरचुरत होते. मिस्त्री स्टुलावर चढले. बर्फ सगळा वितळलेला होता आणि नळी उघडी पडली होती. त्यांना वातीची गरजच लागली नाही. त्यांनी बोट ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढी आडवी चीर होती, आणि तिच्या बाजूला लोखंडावर चार-पाच चकचकीत ओरखडे.

"हे सुरीचे घाव कुणाचे?"

शिपाई दारात उभा होता, अक्का आणि डॉक्टरीणबाई त्याच्या मागे. अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती.

"माझे," मी म्हटलं.

"खुरपं कुठे होतं?"

"हातातच होतं. दार उघडत नव्हतं. वर बाळ होतं. पण बाटली काढल्यावर मी आणखी एक घाव घातला."

डॉक्टरीणबाई आत आल्या. "मला त्या दिवशीच सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मिस्त्रींनी पॉलिश कागद मागितला आणि नळी घासायला घेतली.

दवाखान्यात ग्लिसरीन होतं. मुरदाडशिंगाची पूड ग्लिसरीनमध्ये कालवून त्यांनी लोण्याएवढी घट्ट लुगदी केली, चिरेवर भरली, वर शिशाचा पत्रा, त्यावर पोलादी पट्टी आवळली. आवळायला एक बोल्ट कमी पडला. ड्रायव्हरने मोटारीच्या रबरी नळीची पितळी कडी काढून आणली. मिस्त्रींनी ती परत दिली. "पितळ हा गॅस खाऊन टाकतो. लोखंडच हवं." शेवटी शिपायाने कुठूनतरी, बहुतेक फाटकाच्या बिजागरीतून, एक बोल्ट काढून आणला. त्याला मोटारीने परत सोडलं तेव्हा तो मिस्त्रींना सलाम करून गेला.

लुगदी सुकायला पूर्ण दिवस हवा होता. मिस्त्री त्या रात्री पंपाच्या खोलीतच झोपले. सोमवारी दुपारी त्यांनी मला कॉक उघडायला लावला, एका वेळी पाव फेरा. स्वतः वात पेटवून नळीजवळ धरून उभे राहिले. धूर उठला नाही. आणखी पाव फेरा. नाही. पंप चालू झाला. तासाभराने नळीवर पांढरं हिव धरायला लागलं, पण अर्ध्याच नळ्यांवर. गॅस कमी पडला होता. आम्ही कोठी मधोमध जाड पडद्याने अर्धी केली आणि पुढचे तीन महिने ती तशीच चालवली. दूध टिकलं. सीरम टिकलं की नाही हे तपासायची सोय कुणाकडे नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते वापरलं. त्या हिवाळ्यात धनुर्वाताची आणखी दोन बाळं आली. एक वाचलं.

त्या सोमवारी घरी आले तेव्हा मामांनी विचारलं, "काल पलीकडे कुणाला आणायला गेली होतीस?" ड्रायव्हरकडून बातमी गल्लीत पोचली होती. मी सगळं सांगितलं, मिस्त्रींच्या मुलाचंही. मामा खिडकीकडे तोंड करून बसले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मुलगा जिवंत होता. चंचलगुड्याच्या तुरुंगातून त्याची चिठ्ठी आली, आणि वर्षभराने तो सुटला. फौज आल्यावर गावाकडे सुडाने झालेल्या कापाकापीची खबर दिवाळीच्या सुमाराला आली. त्या दिवशी आम्ही कोठी धूत होतो. मिस्त्री सोड्याच्या पाण्यात फडकं पिळता पिळता म्हणाले, "बाई, भाऊ गेला. भावजय गेली. दोन पोरं गेली. एका मुलीचं कुणाला माहीत नाही." मी हातातलं काम थांबवलं. ते म्हणाले, "तो कोपरा राहिला," आणि फडकं माझ्याकडे दिलं. तो कोपरा मी पुसला.

दोन दिवसांनी त्यांनी मला त्या मुलीच्या चौकशीचं मराठीत एक पत्र लिहून द्यायला सांगितलं. त्यांना मराठी बोलता यायची, लिहिता येत नव्हती. पत्र गावात कुणाच्या नावे पाठवायचं, ते त्यांना ठरवता येईना. त्यांच्या ओळखीची माणसं उरली नव्हती. ते गाव मामांच्या गावापासून तीन कोसांवर. मी घरी जाऊन मामांपुढे उभी राहिले आणि विचारलं.

मामा म्हणाले, "त्याच्या पोराने कुणाची घरं जाळली?"

"मला माहीत नाही."

"त्यालाही माहीत नसेल." त्यांनी दुखऱ्या हाताचं कोपर दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ते आतून म्हणाले, "तिथे एक कोष्टी आहे. जुना माणूस, वेशीजवळ माग आहे. त्याच्या नावे लिही. माझं नाव त्यात घालू नकोस."

उत्तर यायला महिना लागला. मुलगी त्या कोष्ट्याच्याच घरी होती. नऊ वर्षांची. तिला कुंकू लावून, आपली भाची म्हणून त्याने ठेवली होती. मिस्त्री तिला आणायला गेले ते पाच दिवसांनी परतले. त्या पाच दिवसांत पंप मी एकटीने चालवला, तेल घातलं, सोमवारी हिव काढलं, वात फिरवून पाहिली.

मुलीला घेऊन ते घरी जायच्या आधी दवाखान्यात आले. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. कुणाशी बोलेना. अक्काने तिच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला. मिस्त्री पंपाच्या खोलीत जाऊन आले, हात पुसत म्हणाले, "पट्टा थोडा ढिला झालाय, पण ठीक आहे." मग ते तिच्या शेजारी पायरीवर बसले, आणि ती पेज पिऊन होईपर्यंत तिथून उठले नाहीत.